पिवळं

सांगलीत, मार्केट यार्डात, फेब्रुवारी ते मे
कुणाचाच रंग स्वतःचा नसतो.
हमालांच्या भुवया, अडत्यांचे सदरे,
चहावाल्या पोराची नखं, काट्याची काच,
झाडणाऱ्या बायांच्या नाकातलं पाणीसुद्धा पिवळं.
म्हणून मायाप्पाचे डोळे
आम्हाला कळलेच नाहीत.

मी तोलार. तीस वर्षं
नजरेनंच जोखत आलो पोती अन् माणसं.
हा पूर्वी पोतं असं घ्यायचा पाठीवर
जसं झोपेतलं पोर उचलावं.
यंदा पहिल्याच खेपेला पाय लटपटले.
आम्ही हसलो, "सकाळची राहिली वाटतं!"
राहिलीच होती. घेतल्यावर थांबले हात.
पैसे मी दिले होते.
ते कुठल्या वहीत मांडू?

घरी इंदाक्कानं त्याची पाठ
आधी साबणानं घासली, मग ताकानं,
मग विटेच्या तुकड्यानं.
"हळद निघंना," शेजारणीला म्हणाली,
"ह्या साली लईच मुरलीया."
दहावीतल्या प्रणोतीनं
बापाची खालची पापणी ओढून बघितली.
"आई, डोळ्यात कोण हळद भरतंय?"

सिव्हिलला डॉक्टरीणबाईंनी
पोटावर बोटं वाजवली, कलिंगडावर वाजवावीत तशी.
सुई लावली. खाली बाटल्या मांडल्या.
मला मोजायची खोड, मी मोजत राहिलो.
चार लिटर. फिकट पिवळं.

हरिपूरची पेवं आठवतात.
जमिनीच्या पोटात हळद, वर लिंपलेलं तोंड.
उघडलं की आधी वारं खाऊ द्यायचं,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.
बाप शिकवायचा, एवढंच शिकवायचा.
आणि आम्ही दुकानामागच्या बोळात
रोज दिवेलागणीला उतरत होतो
एकामागनं एक.
वर काठाला बायका होत्या, ओरडत.
खाली आवाज पोचत नाही.

मायाप्पा गेला त्या दिवशी
राजापुरीला चांगला दर निघाला.
हमालांनी एक सौदा बंद ठेवला,
दुसरा चालू केला.
संध्याकाळी बोळात त्याच्या नावानं
थोडी जमिनीवर सांडली.
मी पण.

शनिवारी हमालीचं पाकीट घ्यायला प्रणोती आली.
नोटा दोनदा मोजल्या.
पिशवीत ठेवून गाठ मारली.
मग म्हणाली, "काका, जरा शेडच्या बाहेर या.
हितं काय कळत न्हाई. उन्हात या."

गेलो.
तिनं बोट फ्रॉकला पुसलं, पुन्हा पुसलं,
माझ्या डोळ्याखाली टेकवलं.
"वर बघा."

मी वर बघत उभा आहे.
मागं काट्यावर कुणाचं तरी पोतं,
काटा अजून स्थिर व्हायचा आहे.
ती काही बोलत नाही.