माय कॉम्प्युटर

सीपीयू टेबलावरून खाली उतरवला तेव्हा
मागच्या जाळीतून मूठभर धूळ सांडली
आणि एक वाळकी मुंगी.
क्षेमकल्याणी शेठ म्हणाले, वैजयंताबाई, बावीस वर्षं झाली,
पंखासुद्धा इतका टिकत नाही.

नोटा छापणारी प्रेस तिकडे नाशिकरोडला.
आमची ही अशोकस्तंभाजवळ, जिन्याखाली:
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं,
पिंपळगावच्या द्राक्षपेट्यांची लेबलं,
सिंहस्थात एका आखाड्याचं पत्रक, ज्यात महंतांचं नाव
तीनदा चुकलं आणि चौथ्यांदा त्यांनी हसून चालवून घेतलं.
सगळं त्या पेटीत.

जुना चालू होताना आधी खाकरायचा.
मग निळी पट्टी, मग हिरवी टेकडी, वर ढग.
कुणीतरी सांगितलं, तिथे आधी द्राक्षाचे मळे होते,
कीड लागली म्हणून वेली उपटल्या,
मग गवत, मग फोटो.
तेव्हापासून दिंडोरीचं गिऱ्हाईक आलं की
मी स्क्रीन जरा भिंतीकडे वळवायचे.

कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, माय कॉम्प्युटर.
'माय' मी कित्येक महिने मराठीतच वाचलं.
नव्यात तिथे 'धिस पीसी' आहे.
हा. नुसता हा.
वेटर विचारतो ना, हा चहा कुणाचा?

अडकायचा, हे खरं.
अडकला की खिडकी जिकडे ओढावी तिकडे
आपल्याच सावल्या सोडत जायची,
पत्त्यांचा कॅट पसरावा तशी.
नवा अडकत नाही.
दहा सेकंदांत उठतो, आधी माझा चेहरा मागतो,
चष्मा काढला तर ओळखत नाही.
भर दुपारी, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना सांगतो,
अपडेट चालू आहे, बंद करू नका.
जणू मी आयुष्यात कधी काही बंद केलंय.

पण खोटं का बोलू.
जुन्यात अर्धा श वेगळा, काना वेगळा,
रफाराला ऑल्ट दाबून आकडे, तेही पाठ.
माझी बोटं श्री लिहायची नाहीत, जुळवायची.
नव्यात अक्षरं आपली आपण एकमेकांना बिलगतात.
तीच पत्रिका मोबाइलवर जाते
आणि तिथे वाचता येते.

बसवायला आलेला यज्ञेश पगार,
कानात पांढरं बटण,
म्हणाला, मावशी, जुना डेटा आलाय, एखादी फाइल उघडून बघू.
त्याने आपल्याच आडनावाची निवडली:
पगार-लग्न-फायनल-३-खरंच-फायनल.
'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी
एक पौंड, दोन कंस, उलटं प्रश्नचिन्ह.
वधूच्या नावात टक्का.
फॉन्ट मेला, तो म्हणाला. कचरा झालाय हा.

मी वाकून टेबलाखालचा जुना चालू केला.
आतली घड्याळाची बॅटरी कधीच संपलीये,
त्यामुळे तो दर वेळी
एक जानेवारी दोन हजार दोनलाच जागा होतो
आणि घाई करत नाही.
वाळूचं घड्याळ उलटलं. पुन्हा उलटलं.
मग: आमचे येथे श्रीकृपेकरून,
मुक्काम ताहाराबाद, गोरज मुहूर्त, आहेर आणू नये,
आणि सगळ्यात खाली, फुगे धरलेल्या पोरांच्या चित्राशेजारी
'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!'
स्वरांगी, दादू, यज्ञेश.

त्याने कानातलं बटण काढलं.
मला तर तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं, म्हणाला.
मोबाइलवर फोटो घेतला, त्यात नुसते पट्टे आले.

आता दोन्ही चालू आहेत.
खालच्यात बघून वरच्यात टाइप करतेय, मान दुखतेय.
'श्रीकृपेकरून'खाली नव्याने लाल नागमोडी रेघ मारली.
'गोरज'खाली मारली.
'यज्ञेश'खालीही मारली,
तो माझ्या खुर्चीमागे उभा असताना.
मी दाबलं: शब्दकोशात जोडा.
काकूचं माहेरचं नाव अजून राहिलंय.