उभी यादी

उलान-उदेपासून कुरुमकानपर्यंत आठ तास,
आणि हीटर फक्त पाहुण्याच्या बाजूने चालतो.
पाहुणा म्हणजे लेखक, चोइदोनोव,
मॉस्कोहून आलेला, संस्कृती-भवनात बोलायला.
विषय: ‘आपण कोण?’
मांडीवर दोन पानं भरलेली,
तिसरं कोरं.

बायकाल अजून गोठलेला.
कंटाळा घालवायला दुगार बोलत राहिला,
ड्रायव्हर बोलतात तसा, रस्त्याकडे बघत:
आई माझी, हांदा, जुनी लिपी शिकलेली,
ती वरून खाली उतरणारी.
मग सरकारने लिपी बदलली. आठ वर्षांत पुन्हा बदलली.
जुने कागद ज्यांच्या घरी सापडले
त्यांच्यातले काही परत आले नाहीत.
पण आई, साहेब, दुकानाची यादी उभीच लिहायची.
वाचून झाली की चुलीत.

(आपली अक्षरं डोक्यावरच्या रेघेला लटकतात,
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
त्यांची अक्षरं पाठीच्या कण्यात ओवलेली.
कणा काढून घेतला, की अक्षर बसत नाही,
कोसळतं.)

लेखक म्हणाला, हं.
मग खिशातून पेन काढलं.

संस्कृती-भवनात दोनशे खुर्च्या, साडेतीनशे माणसं.
दुगार मागे भिंतीला टेकून, बूट ओले.
चोइदोनोव बोलतो छान, हे कोणीही मान्य करील.
कुठे थांबायचं ते त्याला कळतं.
पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाला,
‘माझी आई जुन्या लिपीत कविता लिहायची.
रोज रात्री एक.
पहाटे स्वतःच्या हाताने जाळायची.’

सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.
पहिल्या रांगेतल्या शिक्षिकेने चष्मा काढला.
मग टाळ्या, लांबलचक, छपरावरचा बर्फ घसरावा तशा.
आणि खरी अडचण ही,
की दुगारही रडला.

परतीला अंधार. हीटर त्याच बाजूने.
चाळीस किलोमीटर कोणी काही बोललं नाही.
मग दुगार म्हणाला,
कविता नव्हत्या. मीठ होतं. काड्यापेटी.
लेखक काचेबाहेर बघत होता.
‘लोकांना मिठावर रडता येत नाही, दुगार.’
थोड्या वेळाने:
‘माझी आई पार्टीच्या कचेरीत टायपिस्ट होती.
तिच्यावर काय बोलणार?’

खिंडीत, चिंध्या बांधलेल्या झाडापाशी,
दुगारने रिवाजाप्रमाणे गाडी थांबवली.
थर्मासमधलं दूध चारी दिशांना शिंपडलं,
उरलेल्याचा चहा, खारट, एकाच पेल्यात.
आधी पाहुण्याला दिला.
राग होताच. पण हांदाच्या घरून
चहा न घेता कोणी उठलेलं नव्हतं,
आणि हा माणूस आता, काही झालं तरी,
तिचा मुलगा म्हणवत होता.

तीन वर्षं गेली.
अर्युना शाळेतून आली, दप्तर फेकून म्हणाली,
आजोबा, आज एका लेखकाच्या आईचा धडा होता,
ती कविता लिहायची आणि जाळायची.
बाईंनी पाठ करायला सांगितलंय.
दुगारने मासळी साफ करायची थांबवली.
तोंड उघडलं. मिटलं.
पोरीचे डोळे इतके चमकत होते
की खरं सांगणं म्हणजे तिच्या हातातलं काही हिसकावणं.

रात्री त्याने तिची वही घेतली, मागचं पान.
जुनी लिपी त्याला येत नाही. आईने शिकवली नाही,
का शिकवली नाही हेही सांगितलं नाही.
म्हणून शाळेतल्या अक्षरांत,
पण एकाखाली एक:

मीठ
काड्यापेटी
रॉकेल
सुया, दोन
दुगारला बूट, जमले तर.

हा शेवटचा शब्द त्याने तेव्हा वाचलाच नव्हता.
वाचता येत नव्हता ना.
आज त्याने तो आपल्या मनचा लिहिला,
आणि चूल पेटलेली असून
पान फाडलं नाही.