अर्धा मिली

हेमांगी राऊळच्या फाइलीत सात नोंदी आहेत,
सातही माझ्या अक्षरात.
अर्धा मिली. अर्धा मिली. थोडंसंच, डॉक्टर.
सगळं मिळून एक चमचाही भरणार नाही.

खारला तिसऱ्या मजल्यावर, खाली खणलेला रस्ता,
आज ती उलटं मागायला आली:
विरघळवून टाका.
आधी मनगटाच्या वर एक थेंब टोचला.
वीस मिनिटं थांबायचं, पुरळ उठतं का बघत.

त्या वीस मिनिटांत तिनं सांगितलं,
नंदनला जन्मापासून ऐकू येत नाही.
ओठ वाचतो. आईचे, कोळणीचे,
बातम्या देणाऱ्यांचे, आणि सगळ्यांत आधी माझे.
चैत्रापासून म्हणतोय, पुन्हा सांग.
परवा मोबाइलवर लिहून दाखवलं:
ताई, तुझे शब्द सुजलेत.

मी सुई भरली. हात थरथरला नाही.
थरथरायला हवा होता,
चौथ्या वेळी.

तिसऱ्या दिवशी दोघं आली.
काचेपलीकडे ती काहीतरी बोलली, आवाज न काढता,
आणि तो एवढ्यांदा हसला
की रिसेप्शनवरच्या फर्नांडिसबाईंनी मान वर केली.
काय बोलली, मला कळलं नाही.
तीन वर्षं मी ते ओठ मापत होते,
वाचले कधीच नव्हते.

पुढची मुलगी आत आली, तेवीसची,
फोनमध्ये कुणाचातरी चेहरा घेऊन.
अर्धाच मिली, मॅडम.
मी ट्रे बाजूला सारला. विचारलं,
घरी तुझ्या तोंडाकडे
कोण बघतं?