अकरा पॉइंट आठ

खंदारे सिस्टरची एस्टीम पुन्हा ढकलतच आली
जिंतूर रोडला, माझ्या पत्र्याखाली.
ढकलणारी रसवंतीची दोन पोरं, हात उसाने चिकट.
सिस्टर म्हणाल्या, "बॅटरी बदलून टाका. परत एकदा."
पेशंटनेच औषध सांगावं, तसं.

मीटर लावला. अकरा पॉइंट आठ.
"आधी ताप बघू सिस्टर, गोळी मग."
हसल्या नाहीत.
बोरीच्या उपकेंद्रात दोन रात्री जागल्या होत्या,
गाडी तेवढा वेळ दारात उभी.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी.
सोड्याचं गरम पाणी ओतलं, फसफसून उतरली.
पण एवढ्याने कुणी मरत नसतं.

जंपर लावून चालू केली.
धापली, खोकली, मग लयीत बसली.
आकडा चढला. तेरा आठ. चौदा. चौदा एक.
हेडलाइट लावले, पंखा लावला,
वायपर करकरले कोरड्या काचेवर, चैत्राच्या धुळीत,
तरी चौदाच्या खाली यायला तयार नाही.
अल्टरनेटर कमावता होता.
म्हणजे खाणारं घरातच कुणीतरी.

लतीफ उस्ताद म्हणायचे,
"नै भरना एक बीमारी, नै टिकना दूसरी.
सुबह दोनों का मुँ एकीच दिसता."
परभणीत तिघांनी नुसतं तोंड बघितलं.
एकाने बॅटरी विकली, दुसऱ्याने अल्टरनेटर,
तिसऱ्याने परत बॅटरी.

इंजिन बंद. किल्ली सिस्टरच्या पर्समध्ये. दारं लावलेली.
मायनस सोडवला,
वायर आणि खांबाच्या मध्ये
पार्किंगचा छोटा बल्ब धरला.
बल्ब लागला. लालसर, मंद,
विडीच्या टोकाएवढा.

मग एकेक फ्यूज उपटत गेलो.
रेडिओचा काढला, जळतोय.
हॉर्नचा काढला, जळतोय.
आतल्या दिव्यांचा काढला
आणि विझला.
सिस्टर छताकडे बघून म्हणाल्या, "आतला तर बंदच आहे."
होताच बंद.

फ्यूज बसवला, मायनस जोडला.
मुंजाला म्हटलं, शिर डिक्कीत.
लशीचा निळा डबा बाहेर काढला, चादर काढली, बीपीचं मशीन.
सतरा वर्षांचं पोर गुडघे छातीशी घेऊन आडवं झालं.
झाकण लावलं.
सरकीची एक ट्रॉली खडखडत गेली.
मग पत्र्याआडून आवाज आला,
"मालक, इथं तर दिवाळी हाय!"

बटण झिजलेलं. झाकण लागायचं,
पण बटणापर्यंत पोचायचं नाही.
बंद डिक्कीत, कुणाच्या नजरेत न येता,
लशीच्या डब्यावर ड्युटी करत होता
पाच वॅटचा दिवा.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला,
झाकणाला आतून चिकटवला, बरोबर बटणावर येईल असा.
मुंजा परत आत. झाकण परत बंद.
"अंधार! मालक, अंधार झाला!"
अंधारावर इतकं खूश झालेलं माणूस
मी पहिल्यांदाच ऐकलं.

"किती झाले?"
ट्यूबच्या तुकड्याचे काय घ्यायचे, म्हटलं.
तेव्हा सिस्टरनी मशीन उघडलं,
माझ्या ग्रीसच्या दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबत राहिल्या, हळूहळू सोडला.
"वरचा एकशे सत्तर," म्हणाल्या.
"रात्री झोप लागते का?"
लागते, म्हटलं मी.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या, फ्यूज उपटल्यासारख्या,
एक, मग दुसरा.

तेवढ्यात डिक्कीवर आतून धपाधपा हात वाजला.
मुंजा अजून आतच होता.