हाताखाली

प्रमोशनचं सांगितलं तेव्हा अप्पा पंख्याखाली
कडक भाकरी मोडत बसले होते.
सात माणसं आलीत माझ्या हाताखाली, मी म्हणाले.
तुमचे साहेब कसे होते हो?

साहेब लांब राहिले. खात्यात देव म्हणजे जॉबर,
इरय्या हलकुडे.
पहिल्याच पाळीला कानाखाली काढली त्यानं,
धोटा अडकला होता आणि मी चालू साच्यात हात घालणार होतो.
मग डोळ्यांवर रुमाल बांधून
तुटल्या धाग्याला गाठ मारायला लावली.
शंभरदा.
कापडात दिसली तर ती गाठ नव्हे, चुगली, म्हणायचा.
मिल बंद पडली, तेव्हा अंथरुणाला खिळलेला.
आमच्यातला एकही गेला नाही बघायला.

का?

अप्पांनी शेंगाचटणीत दही कालवलं.
बराच वेळ कालवलं.

आतून आई म्हणाली, माझ्याही साहेबाचं विचार की.
चेकर होता. नाव गेलं, अंगठ्याचं नख आठवतं.
कट्टा उचलायचा, दोन विड्या मोडायचा,
अख्खी मूठ छाट म्हणून टोपलीत.
पैसे नाहीत. आणि विड्याही त्याच्याच.

मग शिकवलं कुणी?

शिकवलं अंबुबाई गज्जमनं, साखर पेठेत, शेजारच्या ओट्यावर.
पान किती ओलं ठेवायचं, हे तिनं
माझ्या गालाला पान लावून सांगितलं. एवढं गार.
तू पोटात होतीस, हजार काही भरायची नाहीत,
आणि संध्याकाळी मोजावं तर दोन कट्टे जास्तीच.
वाटायचं, उन्हानं माझं मोजणं बिघडलंय.
ती वारली
आणि माझं मोजणं एकदम सुधारलं.

पदराला हात पुसत आई दारात आली.
आणि ते हाताखाली, हाताखाली काय लावलंयस?
हाताखाली सूप असतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी चटणीचा डबा सुतळीनं बांधला,
बोलता बोलता, डब्याकडे न बघता.
स्टँडवर म्हणाले, हलकुडेचा मुलगा
बाळीवेशीत असतो म्हणे.
मी काही म्हणायच्या आत गाडी हलली.

पुण्यात रात्री डबा सोडायला घेतला.
गाठ सापडेना.
कात्री हाताशीच होती.
मी दिवा घालवला
आणि सुतळीवरून बोटं फिरवत राहिले.