लागलं की हो म्हणा

सायनच्या ओपीडीत सिस्टर मस्कारेन्हस
नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवते.
"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

दादा हो म्हणतात.
तिने अजून टेकवलेलाच नसतो.

तेहतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले त्यांनी,
डोंगरीपासून माझगावपर्यंत;
कुठला जिना कुठे खचलाय, पायांना पाठ.
आणि परवा चपलेतला एक खिळा
दिवसभर चालला त्यांच्याबरोबर,
मुकाट.

आता रात्री मी
त्यांचा दाढीचा आरसा पायाखाली धरते.
कोमट पाणी, त्यात आधी माझं कोपर.
बोटांच्या बेचक्या टिपते, टाचेला खोबरेल.

"गुदगुल्या होतात गं," म्हणतात.
खोटं.
तरी मी हात काढते,
खरंच झाल्या असत्या तर काढला असता
तसा, झटकन.