टिपऱ्या

मामा तलावाकाठची जिल्हा परिषद शाळा.
पाढ्यांच्या भिंतीखाली आम्ही सतरंज्या अंथरल्या.
चार कुटुंबं, एक कूलर,
तोही बंद.

ढोलकीवाला उशिरा आला, सायकलवर धानाचं पोतं.
आधी ते उतरवलं.

इस्तारी पेंदाम टिपऱ्या वाटतात,
बोरीच्या, हातांच्या घामानं काळ्या पडलेल्या.
दंडारीचा गोल धरतो आम्ही.
मी मनात मोजते: एक, दोन, तीन, वळ.
"मोजू नोको बाई," ते म्हणतात,
"पायायले आयकू दे."

माझी टिपरी नवऱ्याच्या बोटावर बसते.
अकरा वर्षांत तो इतक्या मोकळेपणानं
कधी ओरडला नव्हता. मग हसला.

रात्री लेक झोपेत पाय हलवते.

सोमवारी ऑफिसात
मी टेबलाखाली चपला काढून ठेवते.
साहेब विचारतात,
काही लागलं का पायाला?